ए-लेव्हलला सायकॉलॉजी घेतलंय? पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या पेपरपर्यंत काय करायचं

इंग्लंडमध्ये जीसीएसई, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी दिली जाणारी शालेय परीक्षा, झाली की पुढची दोन वर्षं सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे इयर १२ आणि इयर १३. या दोन वर्षांत बहुतेक मुलं तीन ए-लेव्हल विषय घेतात. गणिताच्या खालोखाल सर्वांत जास्त मुलं ज्या विषयाच्या परीक्षेला बसतात, तो गेली काही वर्षं सायकॉलॉजी आहे. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांनी तो आधी कधीच शिकलेला नसतो. जीसीएसईला सायकॉलॉजी असलीच पाहिजे अशी अट सहसा नसते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये वर्गातले सगळे जवळपास एकाच रेषेवर उभे असतात. महाराष्ट्रात दहावी करून आई-बाबांबरोबर नुकतंच इकडे आलेल्या मुलामुलींना याचा खरंच फायदा होतो. केमिस्ट्री किंवा मॅथ्सला इथल्या मुलांनी आधी काय केलंय ते भरून काढावं लागतं, सायकॉलॉजीत ती धावपळ नसते.

तरीही पहिल्या टर्ममध्ये बरीच मुलं गडबडतात. माणसाच्या मनाविषयी भरभरून चर्चा होईल अशी अपेक्षा असते. वर्गात मात्र सारखं विचारलं जातं: प्रयोगात किती जण होते, ते कसे निवडले, तुलना कशाशी केली, आकडे काय आले, आणि या आकड्यांवरून एवढं मोठं विधान करता येतं का. हा विषय दोन वर्षं तुम्हाला एकच प्रश्न विचारत राहतो: हे कशावरून? या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय ज्याला लवकर लागते, त्याला पुढचं सगळं सोपं जातं.

घेण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या

ओपन इव्हनिंगला किंवा एन्रोलमेंटच्या दिवशी शिक्षकांना थेट विचारा. पहिलं, परीक्षा मंडळ कोणतं? एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल आणि एड्यूकास यांचे अभ्यासक्रम बऱ्यापैकी वेगळे आहेत. ओसीआरमध्ये ठरवून दिलेल्या कोअर स्टडीज बारकाईने कराव्या लागतात, एडेक्सेलमध्ये स्वतः छोटे प्रयोग करून त्यांचा विचार करावा लागतो. सर्वाधिक शाळांत एक्यूए असतं, म्हणून पुढची उदाहरणं त्याचीच घेतली आहेत. दुसरं, शेवटच्या पेपरातले पर्याय कोणते शिकवता? ते विद्यार्थी निवडत नाही, शाळा निवडते. फॉरेन्सिक सायकॉलॉजीसाठी विषय घेतला आणि शाळेत अ‍ॅग्रेशन शिकवतात, अशी निराशा नंतर झेलण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. तिसरं, गणितात आणि इंग्लिशमध्ये जीसीएसईची किती ग्रेड मागता? शाळेगणिक हे बदलतं. बाहेरून आलेल्यांची दहावीची गुणपत्रिका शाळा कशी मोजते, तेही इथेच स्पष्ट करून घ्या. चौथं, आठवड्याला किती तास? साधारण ४ ते ५ तास असतात, आणि तेवढाच वेळ घरी द्यावा लागतो.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला मानसशास्त्र बहुधा कला शाखेतल्या मुलांच्या वाट्याला येतं. इथे शाखा हा प्रकारच नाही. सायकॉलॉजी, बायोलॉजी आणि मॅथ्स हे त्रिकूट अगदी सर्रास दिसतं. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि इंग्लिशही तितकंच. घरी कुणी ‘आर्ट्स घेतलं का?’ असं विचारलं तर हा फरक नीट समजावून सांगा. या विषयाच्या एकूण गुणांपैकी किमान १० टक्के गुण गणिती कौशल्यांचे असतात आणि संशोधन पद्धतींचा वाटा २५ टक्क्यांच्या वर जातो.

पेपर कसे असतात

एक्यूएच्या २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या रचनेत तीन पेपर आहेत. प्रत्येक २ तासांचा, प्रत्येक ९६ गुणांचा. पहिल्यात सोशल इन्फ्लुअन्स, मेमरी, अटॅचमेंट आणि सायकोपॅथॉलॉजी, प्रत्येकी २४ गुण. दुसऱ्यात अ‍ॅप्रोचेस २४, बायोसायकॉलॉजी २४ आणि रिसर्च मेथड्स तब्बल ४८. तिसऱ्यात इश्यूज अँड डिबेट्स २४ आणि शाळेने निवडलेले तीन पर्याय प्रत्येकी २४. कोर्सवर्क नाही, प्रॅक्टिकलचे गुण नाहीत. सगळं इयर १३ च्या मे-जूनमध्ये ठरतं आणि निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो.

मंडळं अभ्यासक्रमात मधूनमधून बदल करतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात मंडळाच्या संकेतस्थळावरून तुमच्या परीक्षेच्या वर्षाचं स्पेसिफिकेशन, म्हणजे अभ्यासक्रमाचा अधिकृत मजकूर, उतरवून घ्या आणि छापून फाइलला लावा. वरच्या वर्गातल्या मुलांच्या नोट्स किंवा जुनं पुस्तक वापरणार असाल तर आधी त्याच्याशी ताडून पाहा. स्पेसिफिकेशनमध्ये जो शब्द आहे त्यावर प्रश्न येऊ शकतो, जो नाही त्यावर थेट प्रश्न येत नाही. एखाद्या सिद्धांताचं नाव तिथे छापलेलं असेल तर तोच नेमका विचारला जाऊ शकतो. ‘दुसरा सिद्धांत मला छान येतो’ याचा तेव्हा काही उपयोग नसतो. प्रत्येक ओळीपुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका द्या आणि दर महिन्याला ठिपके बदला.

गुण तीन प्रकारच्या कौशल्यांना मिळतात आणि शिक्षक त्यांना एओ-वन, एओ-टू, एओ-थ्री म्हणतात. एओ-वन म्हणजे माहिती असणं आणि ती नेमकी मांडणं. एओ-टू म्हणजे प्रश्नात दिलेल्या प्रसंगाला ती लावून दाखवणं. एओ-थ्री म्हणजे तिची पारख करणं. ‘आउटलाइन’ आलं की फक्त पहिलं. ‘इव्हॅल्युएट’ आलं की फक्त तिसरं. ‘डिस्कस’ आलं की पहिलं आणि तिसरं दोन्ही. ‘इव्हॅल्युएट’च्या प्रश्नात आधी पानभर सिद्धांत समजावून सांगणाऱ्यांना त्या पानाचे गुण शून्य मिळतात. उत्तर चुकलेलं नसतं, ते विचारलेलंच नसतं.

एका अभ्यासाचं एक कार्ड

प्रत्येक महत्त्वाच्या अभ्यासासाठी पोस्टकार्डाएवढं एक कार्ड करा. पुढच्या बाजूला संशोधकांची नावं आणि वर्ष. मागच्या बाजूला चार ओळी: काय शोधायचं होतं, कसं शोधलं, काय सापडलं, त्यावरून काय म्हणता येतं. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतला फरक काटेकोरपणे पाळा. सापडलं ते आकडे, म्हणता येतं तो अर्थ.

उदाहरणार्थ लॉफ्टस आणि पामर, १९७४. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारला यावरून त्याची आठवण बदलते का, हे पाहायचं होतं. ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं क्रियापद तेवढं गटागणिक बदललं: पाच क्रियापदं, प्रत्येकी ९ विद्यार्थी. ‘स्मॅश्ड’ ऐकलेल्यांनी सरासरी वेग ताशी ४०.५ मैल सांगितला, ‘कॉन्टॅक्टेड’ ऐकलेल्यांनी ३१.८. म्हणून सूचक प्रश्नामुळे साक्ष बदलू शकते. एवढं पुरे. फिल्म किती सेकंदांच्या होत्या हे लिहून कार्ड भरू नका.

‘सिद्ध झालं’ हा शब्द मात्र कार्डावरही नको आणि उत्तरातही नको. सायकॉलॉजीत पुरावा एखाद्या मताला आधार देतो किंवा त्याला धक्का देतो. ‘प्रूव्हज’ लिहिलेलं दिसलं की या मुलाला संशोधनाचा स्वभाव अजून कळलेला नाही, असं परीक्षकाला वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

रिसर्च मेथड्स: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

बहुतेक मुलं हा भाग कंटाळवाणा म्हणून मागे टाकतात आणि इयर १३ च्या मार्चमध्ये उघडतात. तोवर उशीर झालेला असतो. हा भाग पाठ होत नाही, हातात बसावा लागतो. शिवाय प्रत्येक अभ्यासाची पारख याच भाषेत करायची असते, म्हणजे हे न शिकता बाकीचे विषयही अर्धवटच राहतात. पहिल्या आठवड्यापासून दर रविवारी ४० मिनिटं फक्त याला द्या.

घरच्या घरी एक प्रयोग कागदावर मांडून बघू. प्रश्न असा: गाणी चालू असताना पाठांतर कमी होतं का? दहा विद्यार्थी, प्रत्येकी २० शब्दांच्या, सारख्याच अवघड अशा दोन याद्या. प्रत्येक जण एक यादी शांततेत पाठ करतो आणि दुसरी गाणी चालू असताना. तेच विद्यार्थी दोन्हीकडे असल्यामुळे ही रिपीटेड मेझर्स रचना झाली. इथला धोका म्हणजे क्रमाचा परिणाम. दुसऱ्या वेळी मुलं थकलेली असतील किंवा सरावलेली असतील. म्हणून पाच जणांनी आधी शांततेत आणि पाच जणांनी आधी गाण्यांबरोबर पाठ करायचं. याला काउंटरबॅलन्सिंग म्हणतात.

हायपॉथेसिस, म्हणजे प्रयोगातून काय निघेल याचा आधीच मांडलेला अंदाज, लिहिताना सर्वांत जास्त गुण जातात ते मोघमपणामुळे. ‘गाण्यांचा स्मरणशक्तीवर परिणाम होतो’ हे वाक्य अपुरं आहे. ‘गाणी चालू असतानाच्या तुलनेत शांततेत पाठ केल्यावर २० पैकी जास्त शब्द आठवतील’ हे चालेल, कारण काय बदललं, काय मोजलं आणि कुठल्या दिशेने फरक अपेक्षित आहे, हे तिन्ही त्यात आहे. आधीच्या संशोधनातून दिशा कळत असेल तरच दिशा असलेला, म्हणजे डिरेक्शनल हायपॉथेसिस घ्यायचा.

आता आकडे. शांततेत आठवलेले शब्द, पहिल्या ते दहाव्या विद्यार्थ्यापर्यंत: १४, १२, १५, ११, १३, १६, १०, १२, १४, १३. गाण्यांबरोबर, त्याच क्रमाने: ११, १२, १२, ९, १४, १२, ८, १०, १४, ११. (हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) साइन टेस्ट हाताने करायची परीक्षेत अपेक्षा असते, ती अशी:

१. प्रत्येकाच्या पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करा आणि फक्त चिन्ह लिहा: अधिक, शून्य, अधिक, अधिक, उणे, अधिक, अधिक, अधिक, शून्य, अधिक.
२. शून्य आलेल्यांना वगळा. दुसरा आणि नववा विद्यार्थी गेला. उरले ८, म्हणून एन = ८. इथे १० लिहिणं ही सर्वांत नेहमीची चूक.
३. कमी वेळा आलेलं चिन्ह मोजा. अधिक ७ वेळा, उणे १ वेळा. म्हणून एस = १.
४. तक्त्यात एन = ८ साठी, ०.०५ पातळीला (निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता ५ टक्के किंवा कमी) क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे तुलनेसाठी दिलेला सीमेचा आकडा, बघा. दिशा असलेल्या, म्हणजे वन-टेल्ड चाचणीसाठी ती १ आहे. दिशा नसलेल्या, टू-टेल्डसाठी ०.
५. साइन टेस्टमध्ये आपला एस हा क्रिटिकल व्हॅल्यूइतका किंवा त्याहून कमी असेल तर निकाल सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा.

शेवटच्या दोन पायऱ्या सावकाश वाचा. आपला हायपॉथेसिस दिशा असलेला होता, त्यामुळे १ हा १ इतकाच असल्याने निकाल सिग्निफिकंट ठरतो. त्याच मुलांचे तेच आकडे असते आणि हायपॉथेसिस नुसता ‘फरक पडेल’ असा असता, तर १ हा ० पेक्षा मोठा म्हणून निकाल सिग्निफिकंट ठरला नसता. म्हणूनच आकडे बघून झाल्यावर हायपॉथेसिसची दिशा ठरवणं ही लबाडी मानली जाते. वाक्य आधी लिहून ठेवायचं, माणसं नंतर बोलवायची.

इतर सात चाचण्या हाताने करायला सांगत नाहीत, पण कुठली कधी वापरायची हे विचारतात. तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. फरक शोधतोय की नातं? फरक असेल तर तीच माणसं, किंवा जोड्या लावलेली माणसं, आहेत की वेगवेगळी? आणि माहिती कुठल्या पातळीची आहे: नुसते गट पाडलेली म्हणजे नॉमिनल, क्रम लावलेली म्हणजे ऑर्डिनल, की समान अंतराच्या मापावरची म्हणजे इंटर्व्हल?

नॉमिनल: वेगळी माणसं असतील तर काय-स्क्वेअर, तीच असतील तर साइन, नातं असेल तर पुन्हा काय-स्क्वेअर.
ऑर्डिनल: वेगळी माणसं असतील तर मान-व्हिटनी, तीच असतील तर विलकॉक्सन, नातं असेल तर स्पिअरमन.
इंटर्व्हल: वेगळी माणसं असतील तर अनरिलेटेड टी, तीच असतील तर रिलेटेड टी, नातं असेल तर पिअर्सन.

हा नऊ खणांचा तक्ता रोज सकाळी न बघता एकदा काढायचा. दोन आठवड्यांत हात आपोआप चालतो. आणि आपली व्हॅल्यू क्रिटिकल व्हॅल्यूपेक्षा मोठी हवी की लहान, हे लक्षात ठेवायला इंग्लिशमध्ये ‘आर’ची युक्ती सांगतात. ती देवनागरीतही तशीच चालते: चाचणीच्या नावात ‘र’ असेल तर आपला आकडा ‘ग्रेटर’ हवा. काय-स्क्वेअर, स्पिअरमन, पिअर्सन, रिलेटेड, अनरिलेटेड या सगळ्यांत र आहे. साइन, विलकॉक्सन आणि मान-व्हिटनी यांत नाही, तिथे आकडा लहान हवा. बरोबरी झाली तर दोन्हीकडे निकाल सिग्निफिकंट.

कोरिलेशनवरून, म्हणजे दोन गोष्टींमधल्या नुसत्या नात्यावरून, कारण सांगायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी परीक्षेत लिहिताना ‘मुळे’ हा शब्द नकळत येतोच. कोरिलेशनचा प्रश्न दिसला की उत्तर लिहून झाल्यावर एकदा फक्त ‘कॉजेस’ आणि ‘इफेक्ट’ हे शब्द शोधत वरून खाली नजर फिरवा.

पारख कशी करायची

१६ गुणांच्या निबंधात ६ गुण माहितीचे आणि १० पारखीचे असतात. प्रश्नाबरोबर एखादा प्रसंग दिला असेल तर ६, ४ आणि ६ अशी वाटणी होते. पाठ केलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवायची सवय असलेल्यांचा इथे घात होतो. दोन पानं सिद्धांत, मग खाली पारखीचे सहा-सात मुद्दे एकेका ओळीत, आणि मिळतात १६ पैकी ७-८ गुण. मुद्दे तीन-चारच असावेत, पण प्रत्येक तडीला न्यावा.

वरच्याच अभ्यासावर बघा. कच्चा मुद्दा असा असतो: ‘हा प्रयोग प्रयोगशाळेत झाला, त्यामुळे त्याची इकॉलॉजिकल व्हॅलिडिटी कमी आहे’ (म्हणजे निष्कर्ष खऱ्या आयुष्याला तितकासा लागू पडत नाही). हे वाक्य शंभर प्रयोगांना चिकटवता येईल, म्हणून त्याला फारसे गुण नाहीत. आता तोच मुद्दा पुढे न्या. विद्यार्थ्यांनी अपघात पडद्यावर पाहिला. खऱ्या अपघाताच्या वेळी माणूस घाबरलेला असतो आणि आपल्या उत्तरावर कुणाचं तरी काही अवलंबून आहे हे त्याला ठाऊक असतं. इथे त्यातलं काहीच नव्हतं. युइल आणि कटशॉल यांनी १९८६ साली कॅनडातल्या एका खऱ्या गोळीबाराच्या २१ साक्षीदारांपैकी १३ जणांशी चार-पाच महिन्यांनी पुन्हा बोलून पाहिलं. त्यांच्या आठवणी बऱ्यापैकी अचूक राहिल्या होत्या आणि सूचक प्रश्नांनी त्या फारशा ढळल्या नाहीत. म्हणजे प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम प्रत्यक्ष साक्षीत तितका मोठा असेलच असं नाही. इथे एक पाऊल आणखी टाकता येतं: सर्वांत जास्त हादरलेले साक्षीदार घटनेच्या सर्वांत जवळही होते, त्यामुळे त्यांची अचूकता भीतीमुळे टिकली की जवळून पाहिल्यामुळे, हे सांगता येत नाही. असे तीन परिच्छेद म्हणजे वरच्या बँडचं, म्हणजे वरच्या गुणगटातलं, उत्तर. परीक्षेत हे इंग्लिशमध्येच लिहायचं आहे, पण विचाराची साखळी आधी मराठीत जुळवून पाहायला काहीच हरकत नाही. जी साखळी मराठीत तुटते ती इंग्लिशमध्येही तुटतेच.

मराठी घरातल्या मुलांकडे पारखीचा एक मुद्दा आपसूक असतो, तो नीट वापरायला शिका. अटॅचमेंटमधली ‘स्ट्रेंज सिच्युएशन’ ही मेरी एन्सवर्थ यांची पद्धत आई, मूल आणि एक अनोळखी बाई यांच्याभोवती रचलेली आहे: साधारण तीन-तीन मिनिटांचे प्रसंग, त्यात आई दोनदा खोलीबाहेर जाते, आणि परतल्यावर मूल कसं वागतं ते पाहतात. आजी-आजोबा आणि काकूंच्या अंगाखांद्यावर वाढलेलं बाळ आई बाहेर गेल्यावर शांत राहिलं, तर त्याला आईची ओढ नाही असं म्हणता येईल का? शंका रास्त आहे. पण उत्तरात ‘आमच्या घरी असं असतं’ असं लिहून गुण मिळत नाहीत, तिला संशोधनाचा आधार लागतो. व्हॅन आयझेनडोर्न आणि क्रूनेनबर्ग यांनी १९८८ साली ८ देशांतले ३२ अभ्यास एकत्र केले. त्यातले १८ एकट्या अमेरिकेतले होते आणि भारतातला एकही नव्हता. एकाच देशातल्या अभ्यासांमधला फरक देशादेशांमधल्या फरकापेक्षा सुमारे दीडपट निघाला. म्हणजे ‘जपानी मुलं अशी, जर्मन मुलं तशी’ हे विधानसुद्धा जपूनच करावं लागतं. एका संस्कृतीत घडवलेलं माप दुसरीवर लावण्याला इंपोज्ड एटिक म्हणतात, हा शब्द इथे चपखल बसतो आणि तिसऱ्या पेपरातल्या इश्यूज अँड डिबेट्सलाही उपयोगी पडतो.

प्रसंग दिलेल्या प्रश्नात त्या माणसाचं नाव घ्या आणि प्रसंगातले शब्द उचला. परिच्छेदाच्या सुरुवातीला नुसतं नाव टाकून पुढे पुस्तकी उत्तर लिहिलं तर परीक्षकाला ते लगेच कळतं.

लक्षात कसं ठेवायचं

मेमरीच्या धड्यातच याचं उत्तर आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. हायलायटर फिरवल्यावर ‘आलं मला’ असं वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांचं समाधान असतं.

म्हणून धडा झाल्यावर त्याच संध्याकाळी वही मिटून कोऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल ते लिहा, मग वही उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरा. हेच तीन दिवसांनी, दहा दिवसांनी आणि महिन्याने. पेटीत पाच कप्पे करून कार्डं फिरवा: बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. नावं आणि वर्षं विसरली तर जीव टांगणीला लावू नका. ‘एका प्रयोगात असं आढळलं’ एवढं लिहून बरोबर वापरलेला पुरावा नाव-वर्षासकट चुकीच्या जागी टाकलेल्या पुराव्यापेक्षा नक्कीच जास्त गुण मिळवतो.

मंडळाच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका, गुणदान योजना आणि परीक्षकांचे अहवाल मोफत असतात. मुलं पहिल्या दोन वापरतात आणि अहवाल उघडत नाहीत. तो उघडा. मुलं नेमकी कुठे घसरली, ते प्रश्नवार लिहिलेलं असतं.

दोन गोष्टी पालकांसाठीही

सायकोपॅथॉलॉजीत फोबिया, डिप्रेशन आणि ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा होत राहण्याचा आजार) शिकवतात. लक्षणांची यादी वाचताना स्वतःत किंवा घरच्यांत ती दिसू लागणं साहजिक आहे. धडा वाचून कुणाचंही निदान करायचं नाही. पण मन खरोखर जड होत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ‘अभ्यासामुळे वाटतंय’ म्हणून ते झटकून टाकू नका. शाळेतल्या पास्टरल टीमशी (मुलांची काळजी पाहणाऱ्या शिक्षकांशी) किंवा घराजवळच्या जीपीशी, म्हणजे फॅमिली डॉक्टरशी, बोला.

दुसरी गोष्ट वेळेची. युनिव्हर्सिटीचा अर्ज यूकास या प्रवेश-अर्जांच्या केंद्रीय संस्थेमार्फत इयर १३ च्या सुरुवातीलाच जातो आणि त्यात शिक्षकांनी वर्तवलेल्या ग्रेड असतात. त्या ठरवताना इयर १२ च्या अखेरच्या शालेय परीक्षेला मोठं वजन असतं, म्हणून पहिलं वर्ष ओळख करून घेण्यात घालवू नये. पुढे सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेलीच पदवी निवडा, नाहीतर पुढच्या प्रशिक्षणासाठी वेगळा कन्व्हर्जन कोर्स करावा लागतो. आणि सायकायट्रिस्ट व्हायचं असेल तर रस्ता मेडिसिनचा आहे. त्यासाठी केमिस्ट्री आणि बायोलॉजी आत्ताच, इयर १२ ला घ्यायला हवी. हा फरक उशिरा कळणारी मुलं दरवर्षी असतात.

पेपरच्या दिवशी

१२० मिनिटं आणि ९६ गुण, म्हणजे एका गुणाला सव्वा मिनिट. २४ गुणांच्या भागाला ३० मिनिटं, १६ गुणांच्या निबंधाला २०. त्यातली पहिली ३ मिनिटं आराखड्याला, ६ माहितीला, ११ पारखीला. पेपर सुरू झाला की प्रत्येक भागापुढे तो संपायची घड्याळातली वेळ पेन्सिलीने लिहा आणि ती वेळ झाली की वाक्य अर्धं असलं तरी पुढे जा. पहिल्या निबंधावर ३५ मिनिटं घालवून शेवटचा कोरा सोडणं ही दरवर्षीची गोष्ट आहे. चांगल्या निबंधात आणखी दोन गुण मिळवायला दहा मिनिटं लागतात, कोऱ्या निबंधाचे पहिले सहा गुण त्याच दहा मिनिटांत येतात.

दुसऱ्या पेपराला कॅल्क्युलेटर न्या आणि तो आदल्या रात्री चालवून बघा. टक्केवारी, अपूर्णांक आणि सिग्निफिकंट फिगर्स विचारल्या असतील तर आकडेमोडीची प्रत्येक पायरी लिहा, कारण उत्तर चुकलं तरी पायरीला गुण असतात. स्टॅटिस्टिकल निकालाच्या वाक्यात पाच गोष्टी हव्यात: आपली काढलेली व्हॅल्यू, क्रिटिकल व्हॅल्यू, एन, पातळी, आणि चाचणी वन-टेल्ड की टू-टेल्ड. त्यानंतर नल हायपॉथेसिस (‘फरक किंवा नातं नाही’ हे गृहीतक) ठेवला की नाकारला, ते लिहायचं. प्रयोगाची रचना करायला सांगणारा मोठा प्रश्न १२ गुणांपर्यंतचा असू शकतो. त्यात खाली दिलेले मुद्दे शब्दशः बघा, प्रत्येकाला वेगळा परिच्छेद द्या आणि प्रत्येक निर्णयाचं कारण त्याच परिच्छेदात लिहा. सँपल कसं घेतलं आणि तसंच का घेतलं, संमती कशी घेतली, नंतर काय सांगितलं. कारण न लिहिलेला निर्णय कितीही बरोबर असला तरी अर्धाच मोजला जातो.